डाळिंब रोपवाटिकेत पाणी कमी केले तर मुळाजवळच्या सूक्ष्मजीवांचे काय होते?

सांगोला_रोपे

भगवा डाळिंबाची छाट कलमे आहेत, ६ बाय ८ इंची काळी पिशवी, एकूण २० हजार. मिश्रणात पोयटा माती २ भाग, कुजलेले शेणखत १ भाग, वाळू अर्धा आणि कोकोपीट अर्धा भाग. वर ५० टक्के शेडनेट. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगबुरशीशी झुंजणारी बुरशी) मुरवला होता, भरताना पिशवीमागे ५ ग्रॅम मायकोरायझा (मुळात शिरून राहणारी उपयोगी बुरशी) टाकला आणि महिन्याने स्युडोमोनास या उपयोगी जिवाणूची आळवणी केली. सध्या पाइपला झारी लावून सकाळ-संध्याकाळ पाणी देतो, दिवसाला साधारण ८ हजार लिटर. एप्रिलपासून बोअर साडेचार हजारांच्या वर जात नाही.

पाणी निम्म्यावर आणले तर सोडलेले जिवाणू-बुरशी मरतात का? पुन्हा पाणी वाढवल्यावर त्या आपोआप सावरतात, की नव्याने सोडाव्या लागतात? रोज थोडे थोडे द्यावे की एक दिवस आड पोटभर? रोपे जुलैत लागवडीला जायची आहेत. तोवर ताण दिला तर रोप काटक होते म्हणतात. हा ताण बहार धरताना बागेचे पाणी तोडून देतात त्या ताणासारखाच समजायचा का?

वाफसा

आधी हिशेब बघा, कारण तुमचे निम्मे पाणी मुळांपर्यंत पोचतच नसावे. ८ हजार लिटर भागिले २० हजार, म्हणजे पिशवीमागे ४०० मिली. ६ बाय ८ च्या पिशवीत भरल्यावर जेमतेम सव्वा लिटर मिश्रण बसते. शेडनेटखाली एवढ्या पिशवीतून सोलापूरच्या उन्हाळ्यातही दिवसाला १०० ते १५० मिलीच्या आसपास पाणी जाते. बाकीचे पिशव्यांच्या मधून, वाफ्याच्या कडेने आणि खालच्या भोकांतून निघून जाते. पिशव्या ओळीत चिकटून ठेवल्या तरी गोल तोंडांच्या मधल्या फटींत पाचवा हिस्सा पाणी पडतेच. म्हणजे मोटारीचे पाणी निम्मे करणे वेगळे आणि मुळाचे पाणी निम्मे करणे वेगळे. पहिले तुम्ही सूक्ष्मजीवांना धक्का न लावता करू शकता.

त्यासाठी वजनकाटा लागेल, ५ किलोचा, ग्रॅम दाखवणारा. मधल्या ओळींतल्या ६ आणि कडेच्या ४ पिशव्यांवर खूण करा. संध्याकाळी खालून निथळेपर्यंत पाणी द्या, तासाभराने वजन घ्या. हे भरलेले वजन. आणखी ३ पिशव्या बाजूला काढून पाणी न देता ठेवा. दुपारी शेंडा मलूल होतो तो धरू नका. सूर्य उगवण्याआधीही शेंडा उभा राहत नसेल त्या दिवशीचे वजन हे मलूल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे रोपाला मिळू शकणारे पाणी. त्यातले ४० टक्के गेले की पाणी द्यायचे, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

बोट घालून ओल बघू नका. पिशवीसारख्या आखूड भांड्यात तळाशी दोन-तीन सेंटीमीटर थर कायम भिजलेला राहतो आणि वर कोरडे दिसते. वरचे बघून पाणी दिले की तळाची पांढरी मुळी गुदमरते.

बहाराच्या ताणाची तुलना सोडून द्या. मोठ्या झाडाच्या खोडात-फांद्यांत अन्नसाठा असतो, मुळे दूरवर पसरलेली असतात आणि ताण जमिनीत सावकाश चढतो. सव्वा लिटरच्या पिशवीत तोच ताण दोन दिवसांत चढतो.

मृदागंध

सूक्ष्मजीवांच्या बाजूने सांगतो. सगळे एकदम मरत नाहीत. कोण मागे पडतो आणि कोण पुढे येतो, ते बदलते.

हवा घेणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काम सगळ्यात जोरात चालते ते मातीतल्या पोकळ्यांपैकी साधारण ६० टक्के पाण्याने भरलेल्या असताना. आपण ज्याला वाफसा म्हणतो ती जवळपास हीच अवस्था. त्याच्या वर गेले की प्राणवायू कमी पडतो, पिथियम आणि फायटोफ्थोरासारख्या मूळकूज आणणाऱ्यांचे पोहणारे बीजाणू मोकळ्या पाण्यातून मुळाकडे येतात. खाली गेले की मातीच्या कणांवरचा पाण्याचा पापुद्रा पातळ होतो आणि तुटतो. जिवाणू त्या पापुद्र्यातूनच हलतो आणि मुळातून झिरपणारी साखर, आम्ले त्यातूनच त्याच्याकडे येतात. रस्ता तुटला की अन्न बाजूला असूनही तो उपाशी राहतो. बुरशीला तेवढी अडचण येत नाही, कारण तिचा धागा हवेची पोकळी ओलांडून पुढे जातो.

जिवाणूंतही फरक आहे. जाड पेशीभित्तिकेचे, ज्यांना ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हणतात ते कोरडेपणात टिकतात आणि मुळाजवळ त्यांचे प्रमाण वाढते. पहिल्या पावसाला येणारा मातीचा वास ज्यांचा, ते अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया यातलेच. पातळ भित्तिकेचे मागे पडतात. तुमच्या निविष्ठांना हे लावून बघा:

स्युडोमोनास बीजाणू करत नाही. पिशवी कोरडी पडली की त्याची संख्या झपाट्याने उतरते, पाणी वाढवल्यावर पुरेशी सावरेल याची खात्री नसते. पाण्याची ओढ असेल तिथे त्याच्याऐवजी बॅसिलस घ्या. तो बीजाणू करून बसतो आणि ओल आली की उगवतो. अ‍ॅझोटोबॅक्टर कवचात जातो, त्यामुळे बऱ्यापैकी तग धरतो. ट्रायकोडर्माही बीजाणूरूपात टिकतो, पण कोरड्यात तो निपचित असतो, रोगबुरशीशी झुंजत नाही. आहे म्हणजे काम करतो आहे असे नाही.

मायकोरायझाचे थोडे वेगळे. एकदा मुळात शिरली असेल तर मध्यम ताणात ती टिकते, बऱ्याचदा रोपाला मदतही करते, कारण तिचे धागे मुळापेक्षा बारीक पोकळीत शिरून पाणी आणि स्फुरद आणतात. नवी मुळीच थांबेल इतका कडक ताण दिला तर तीही थांबते. मूळ धरायच्या आत, म्हणजे टाकल्यापासून पहिले सहा ते आठ आठवडे, पाणी तोडायचे नाही.

आता तुमचा रोज थोडे की आड दिवस हा प्रश्न. थोडे थोडे दिले तर वरचे तीन-चार सेंटीमीटर ओले होतात, खाली कोरडे राहते, मुळ्या वर गोळा होतात आणि तिथेच मिश्रण सगळ्यात जास्त तापते. पोटभर द्या, पण ते मिश्रण पार वाळल्यावर नको. वाळलेली माती एकदम भिजली की कोरड्यात मेलेल्या पेशी आणि जिवंत पेशींनी ताणात साठवलेले पदार्थ मोकळे होतात, उरलेले जिवाणू त्यावर तुटून पडतात, कर्बवायू आणि नत्र एकदम सुटते. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडले, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. शेतात पहिल्या पावसानंतर पीक तरारते त्यात याचाही वाटा असतो. पिशवीत मात्र ते मोकळे झालेले नत्र तशाच पाण्याबरोबर भोकातून वाहून जाते, आणि दर आठवड्याला असा झटका बसला तर मिश्रणातला सेंद्रिय कर्ब पावसाळ्याआधीच खाऊन संपतो. म्हणून वाळलेल्या पिशवीत विद्राव्य खत, ह्युमिक किंवा कोणतीही जैविक आळवणी कधीच देऊ नका. आज साधे पाणी, उद्या संध्याकाळी आळवणी.

सांगोला_रोपे

मोजले. मधल्या पिशव्यांचे भरलेले वजन सरासरी १,८१० ग्रॅम, मलूल वजन १,४९०. चोवीस तासांत १,६९० वर येतात. कडेच्या दक्षिण बाजूच्या मात्र १,६०० वर. मधल्या ओळींतही शंभरात दहा-बारा पिशव्या अशा आहेत की पाणी देऊन तासाभराने फक्त १,६२० भरतात, आणि खालून पाणी मात्र लगेच गळते. बोअरची ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) १.४, गळलेल्या पाण्याची ३.६ आली. काही पिशव्यांवर पांढरा थर आहे.

वाफसा

३२० ग्रॅम उपलब्ध पाणी, त्याचे ४० टक्के १२८. म्हणजे मधल्या पिशव्यांना १,६८० वर पाणी द्यायचे, आणि त्या तिथे चोवीस तासांत येतात. सध्या दिवसातून एकदा पुरे, दुसरी पाळी बंद. पिशवीमागे १२० मिली धरले तर २० हजारांना २,४०० लिटर. झारीची नासाडी धरून ३,४००-३,५०० होतील. बोअरमध्ये बसते. नासाडी आणखी कमी करायची तर झारी उंचावरून न फिरवता पिशवीच्या तोंडावर धरा, नाहीतर बारीक नळ्यांचे ड्रीपर लावा. ड्रीपर लावताना वाफ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच वेळी दहा मिनिटे पाणी मोजून बघा, १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दाब किंवा गाळणी तपासा. आपल्या बोअरच्या पाण्याने ड्रीपरच्या तोंडाशी चुना धरतो.

कडेच्या पिशव्या २१० ग्रॅम गमावतात, म्हणजे दोन-तृतीयांश पाणी एका दिवसात. तुमचे खरे ताणाचे ठिकाण तेच. काळ्या पिशवीवर थेट ऊन लागले की त्या बाजूचे मिश्रण हवेपेक्षा खूप जास्त तापते, बाहेरची पांढरी मुळी भाजते आणि ट्रायकोडर्माही तिथे वाढत नाही. दक्षिण आणि पश्चिम कडेला पिशवीच्या उंचीइतकी शेडनेटची पट्टी किंवा पांढऱ्या पोत्यांचा आडोसा उभा करा. दर आठवड्याला कडेच्या दोन ओळी आत आणि आतल्या बाहेर करा. हे फुकट होते आणि पाण्याच्या एका पाळीइतका फरक पाडते.

भरूनही १,६२० वरच राहणाऱ्या पिशव्यांत मिश्रण आकसून प्लास्टिकपासून सुटले आहे. पाणी फटीतून खाली जाते, गोळा कोरडाच. पोयट्यात काळ्या मातीची भेसळ असली की हे जास्त होते. उपाय: फट बोटांनी दाबून बुजवा, वरून थोडे मिश्रण टाका आणि त्या पिशव्या ५ सेंटीमीटर पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा. सगळ्या पिशव्यांना टब वापरू नका, एकीचा रोग शंभरींना लागतो. दर खेपेला पाणी बदला.

खारपट_दुरुस्ती

ईसीचा आकडा वाचून थांबावे लागले. १.४ चे पाणी आत आणि ३.६ बाहेर, म्हणजे पिशवीत क्षार साचत आहेत. पाणी कमी करण्यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट ही. झाड पाणी उचलते, क्षार मागे ठेवते. मातीत ओल असूनही क्षारांमुळे मुळाला आणि सूक्ष्मजीवाला ते पाणी ओढता येत नाही, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तो दुष्काळच. मृदागंध यांनी सांगितलेला सगळा क्रम मग पाणी देऊनही घडतो. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू कोरडेपणाला आणि क्षारांना फार नाजूक असतात. ते मंदावले की युरिया दिला तरी रोप फिकट राहते, आणि माणूस आणखी युरिया देतो.

आधी मोजमाप नीट करा. आपोआप गळालेले पाणी बऱ्याचदा फटीतून आलेले असते. पाणी दिल्यावर तासाभराने त्याच पिशवीत वरून हळूहळू ८०-१०० मिली पाणी ओता, खाली वाटीत पहिले ५० मिली धरा आणि त्याची ईसी घ्या. पाच पिशव्यांची सरासरी. आत जाणाऱ्या पाण्याच्या दुपटीच्या पुढे गेली तर धुवायचे.

धुण्यासाठी पिशवीमागे ४०० मिली, एकदम नको. २०० द्या, अर्ध्या तासाने पुन्हा २००. एका दिवसात २० हजारांना हे ८ हजार लिटर होईल, म्हणून ५ हजारांचे चार गट करा, रोज एक गट, २ हजार लिटर. त्या गटाची नेहमीची पाळी त्या दिवशी नको. शेततळ्यात पावसाचे पाणी शिल्लक असेल तर ते यासाठीच राखा, कारण १.४ च्या पाण्याने धुवून १.४ च्या खाली जाता येत नाही. पांढरा थर आधी खरवडून काढा. रोजच्या पाण्यातही १० ते १५ टक्के जास्त देऊन खालून निथळू द्यावे, हे मी आग्रहाने सांगेन.

वाफसा

रोज निथळण्याला माझा विरोध आहे, एवढ्या टंचाईत तरी. रोज १५ टक्के निथळले तर नत्रही रोज जाते आणि वाफ्याखाली चिखल होऊन पिशव्यांचे तळ गुदमरतात. त्यापेक्षा दर १२-१५ दिवसांनी ईसी बघून एकदा नीट धुवावे.

खारपट_दुरुस्ती

बोअर ०.७-०.८ ची असती तर मान्य केले असते. १.४ ला आणि ४० अंशांच्या वरच्या उन्हात पंधरा दिवस फार होतात. मधला मार्ग म्हणून आठवड्याला एकदा ईसी घ्या आणि आकडा सांगेल तसे करा. वाफ्याखाली चिखल होत असेल तर पिशव्या विटांच्या तुकड्यांवर किंवा खडीच्या थरावर घ्या. तेही गरजेचेच आहे, तळाची भोके मातीत रुतली की पाणी निथळत नाही.

मृदागंध

ताण आणि उष्णता एकत्र आली की कोणता रोग येतो हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पाणी कमी केले म्हणजे मूळकूज टळली असे समजू नका. ओल्यातल्या मूळकुजीची जागा कोरड्यातली घेते. रब्बी ज्वारीतला खडखड्या आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. दाणे भरताना ओल तुटली की ताट आतून पोकळ, काळपट होऊन लोळते. तीच बुरशी, मॅक्रोफोमिना, ५०० हून जास्त वनस्पतींवर जगते, डाळिंबाच्या मुळावरही येते. तिचे मोहरीहून बारीक काळे कण कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि ३० ते ३५ अंश तापमानात, ताणातल्या मुळावर उगवतात. ट्रायकोडर्मा निपचित आणि मॅक्रोफोमिना जागी, असा तो काळ असतो. पिशवीसाठी माती खडखड्या पडलेल्या ज्वारीच्या रानातून आणू नका, मर झालेल्या डाळिंब बागेतून तर नाहीच.

ओळखायचे कसे: रोप सुकते, पण मुळी चिखलासारखी घाणेरडी लागत नाही. कोरडी, ठिसूळ असते, साल सुटते आणि खाली काळे ठिपके दिसतात. ओल्या कुजीत साल हाताला सुटून पांढरा दोरा उरतो आणि आंबूस वास येतो. खोडाच्या आतल्या लाकडावर तपकिरी-करडी छटा दिसली तर ते मर रोगाचे, सेराटोसिस्टिस बुरशीचे असू शकते. तसे रोप विकू नका, केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा.

पुढच्या वर्षीचे मिश्रण भरायच्या आधी सौरनिर्जंतुकीकरण करा. एप्रिल-मेमध्ये १५-२० सेंटीमीटर थर, चांगला ओला करून, २५ मायक्रॉनच्या पारदर्शक कागदाखाली, कडा मातीने बुजवून, ४ ते ६ आठवडे. कोरड्या मिश्रणावर कागद टाकून उपयोग नाही, ओल असेल तरच उष्णता आत भिनते आणि सूत्रकृमीही मरतात. यात चांगलेही जातात, म्हणून जैविक नंतर. १०० किलो कुजलेल्या शेणखताला १ किलो ट्रायकोडर्मा, सावलीत, मुठीत दाबल्यावर लाडू होईल पण पाणी गळणार नाही इतकी ओल, वर गोणपाट, दोनदा हलवून १० ते १५ दिवस. पाकिटावर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू आणि मुदत बघून घ्या. मिश्रणात डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ढीगभर टाकले असेल तर मायकोरायझावर पैसे घालू नका. स्फुरद भरपूर मिळाले की रोप तिला मुळात घेतच नाही. कार्बेन्डाझिमची आळवणी तर दोघांनाही मारते.

सांगोला_रोपे

मायकोरायझा मुळात शिरली की नाही हे कसे बघायचे? आणि जूनपर्यंत काटक करायला पाणी किती कमी करू?

मृदागंध

शाई आणि व्हिनेगरने रंगवून बघता येते, जवळच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शक मिळाला की झाले. ५ पिशव्यांतून बारीक पांढऱ्या मुळ्या घ्या, धुवा, १ सेंटीमीटरचे तुकडे करा. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मंद उकळा. डाळिंबाच्या मुळीत टॅनिन असल्याने द्रावण काळे होते, ते बदलून दुसऱ्यांदा उकळा, मुळी फिकट होईपर्यंत. हे द्रावण त्वचा आणि डोळे जाळते, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, सोबत जाणकार असू द्या. मुळी चार-पाच पाण्यांत धुवा. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई मिसळून त्यात ३ मिनिटे उकळा, मग व्हिनेगरचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा. १०० पट मोठे करून बघितले की मुळीच्या पेशींमध्ये गडद धागे आणि फुगीर गोळे दिसतात. १०० तुकडे मोजा, किती तुकड्यांत दिसले ते टक्के. भरपूर पाण्याच्या आणि कमी पाण्याच्या पिशव्या वेगळ्या मोजा.

पाण्याचा परिणाम स्वतः तपासायचा तर ४० टक्के, ५५ टक्के आणि ७० टक्के पाणी गेल्यावर पाणी द्यायचे असे तीन गट करा, प्रत्येकी १२ पिशव्या, आणि हे तिन्ही गट शेडच्या पाच वेगवेगळ्या ठिकाणी मांडा. एकूण १८०. एकच गट कडेला आला तर उन्हाचा फरक पाण्याचा वाटेल. मातीचा नमुना घ्यायचा तर सगळ्या गटांचा पाणी दिल्यापासून सारख्याच तासांनी घ्या, नाहीतर बर्चचा झटका मोजला जाईल. मूळ झटकल्यावर चिकटून राहते ती मुळाची माती, गळून पडते ती वेगळ्या पिशवीत.

वाफसा

काटक करण्याचे काम शेवटच्या तीन आठवड्यांत. पहिला आठवडा ४५ टक्के पाणी गेल्यावर, दुसरा ५०, तिसरा ५५. तुमच्या पिशवीच्या हिशेबात १,६६५, १,६५० आणि १,६३५ ग्रॅम. त्याच्या खाली नको. या काळात युरिया बंद, कडेच्या पिशव्या आत. आठवड्याच्या शेवटी दोन पिशव्या फाडून बघा: मुळीचे टोक पांढरे आणि धुतल्याशिवाय निघत नाही असा मातीचा लेप असेल तर ठीक चालले आहे. टोके तपकिरी दिसली तर एक पायरी मागे या. लागवडीच्या आदल्या संध्याकाळी मात्र सगळ्यांना पोटभर पाणी, आणि बॅसिलस-ट्रायकोडर्माची आळवणी त्याच्याही आधी दोन दिवस.